कोवळ्या फुप्फुसांचा प्रश्न आणि नफ्याची आरोग्यव्यवस्था

अपुऱ्या दिवसांच्या बालकांना जडणारा फुप्फुसांचा जुनाट विकार हा दैवाचा घाला आहे, असे सांगणाऱ्यांनी त्याचा इतिहास तपासावा. 1967 साली अमेरिकेत नॉर्थवे व सहकाऱ्यांनी त्याचे प्रथम वर्णन केले, ते श्वसनयंत्रावर ठेवलेल्या बालकांमध्ये. यंत्राचा दाब आणि प्राणवायूचा अतिरेक यांनी कोवळी फुप्फुसे होरपळतात, जंतुसंसर्ग त्यात भर घालतो. बाळ जगते, परंतु आठवडेच्या आठवडे त्याचा प्राणवायू सुटत नाही. जीव वाचविणारे साधनच बेहिशेबी वापरले तर घातक ठरते. आणि हिशेबाने वापरावयाचे, तर प्राणवायूचे प्रमाण राखणारी उपकरणे हवीत, रात्रंदिवस लक्ष ठेवणाऱ्या प्रशिक्षित परिचारिका हव्यात.

गरीब देशाने स्वस्त औषधावर भागवावे, हा यावरील ठरीव युक्तिवाद. प्रसूतीपूर्वी मातेला स्टिरॉइड दिल्यास बाळाचा श्वासाचा त्रास कमी होतो, हे 1972 मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स व हॉवी यांनी दाखविले. डेक्सामेथासोनचे इंजेक्शन स्वस्तही आहे. परंतु 2015 साली प्रसिद्ध झालेल्या सहा देशांतील प्रयोगात, ज्यात नागपूर व बेळगावचाही समावेश होता, हेच औषध गावपातळीवर दिले गेले. सर्वांत कमी वजनाच्या बालकांचे मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण नवजात मृत्यू हजारी साडेतीनने वाढले! 2020 मध्ये पाच देशांतील 29 रुग्णालयांचा अनुभव जाहीर झाला. तेथे मात्र त्याच औषधाने मृत्यू घटले. औषध तेच, गर्भाचे आठवडे सोनोग्राफीने नेमके मोजणे आणि जन्मलेल्या बाळाची पुरेशी शुश्रूषा, एवढाच काय तो फरक. सुसज्ज रुग्णालयावाचून इंजेक्शन म्हणजे गरिबांच्या तोंडाला पुसलेली पाने!

आता बोम्मसंद्र्याकडे पाहा. कारखान्यांच्या शेजारी रुग्णालयांचे एक नगर उभे आहे. ते चालविणारा उद्योगसमूह 2016 साली शेअर बाजारात उतरला. 11 ऑगस्ट 2025 पासून मेट्रोही तेथवर धावते. तेथील डॉक्टरांच्या कौशल्याविषयी आमचा वाद नाही. आमचा सवाल असा, की त्याच वसाहतीत कंत्राटावर राबणाऱ्या गरोदर स्त्रीला ते कौशल्य कोणत्या हक्काने मिळणार? कामगार विमा योजनेची वेतनमर्यादा 2017 पासून 21,000 रुपयांवर ठेवली गेली. मर्यादेवर थोडे वेतन गेले की दार बंद, आणि ज्यांचे नावच हजेरीपटावर नाही त्यांच्यासाठी ते उघडलेच नव्हते. अतिदक्षता विभागातील एकेक दिवस कर्जाचा डोंगर वाढवितो. बाळ घरी आले, तरी वारंवार दवाखाना, बुडालेली मजुरी आणि कोंदट खोली त्याच्या वाट्याला असतातच.

सरकारी कक्षांची उपेक्षा किती जीवघेणी ठरते, हे भंडाऱ्याने जानेवारी 2021 मध्ये दाखविले. जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षातील आगीत 10 बालके दगावली. 2020 साली भारतात सुमारे 30 लाख बालके अपुऱ्या दिवसांत जन्मली, जगात सर्वाधिक. त्यांचा भार दानधर्मावर आणि बाजारावर टाकणे ही शासनाची जबाबदारी झटकणे होय.

म्हणून मागण्या स्पष्ट आहेत: औद्योगिक वसाहतींलगत सुसज्ज सरकारी नवजात कक्ष, कायम परिचारिका, कंत्राटी स्त्रियांसह सर्वांना विमा व पगारी प्रसूतिरजा, घरी गेलेल्या बालकास मोफत प्राणवायू व तपासणी. हे आपोआप मिळणार नाही. एप्रिल 2016 मध्ये भविष्यनिर्वाह निधीच्या प्रश्नावर बंगळुरूच्या कापड कारखान्यांतील हजारो स्त्रिया याच होसूर रस्त्यावर उतरल्या आणि केंद्र सरकारला दोन दिवसांत माघार घ्यावी लागली. जमा पैशासाठी जी एकजूट उभी राहिली, ती लेकरांच्या श्वासासाठीही उभी राहिली पाहिजे!