पंच म्हणून उभे राहा!

व्हिडिओ गेम पार्लरवर धाड पडते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो: ओळीनं मांडलेली जुगाराची यंत्रं, मागे पोलीस, खाली ‘लाखोंचा मुद्देमाल जप्त’. आपण ‘बरं झालं’ म्हणून पान उलटतो. मालक त्याच दिवशी वकील गाठतो. जप्त झालेलं यंत्र अजून सरकारजमा झालेलं नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

आपल्या महाराष्ट्राचा जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्याच्या कलम ८ नुसार जुगाराची साधनं नष्ट करण्याचा किंवा सरकारजमा करण्याचा हुकूम न्यायदंडाधिकारी देऊ शकतात, सापडलेली रोकडही सरकारजमा करू शकतात. पण कधी? गुन्हा शाबित झाल्यावर. आरोपी सुटला, तर यंत्रावर हक्क सांगायला मालक मोकळा आणि नव्या पाटीखाली पार्लर उघडायलाही मोकळा.

आरोपी सुटतात कसे, तेही समजून घ्या. धाड घालणाऱ्याकडे कलम ६ प्रमाणे अधिकारपत्र नसेल, तर ‘साधनं सापडली म्हणजे जुगारअड्डा’ हे कायद्याचं गृहीतक गळून पडतं. मग बचाव येतो, हा कौशल्याचा खेळ आहे! निव्वळ कौशल्याच्या खेळाला कलम १३ ची सूट आहे, हे खरं. पण चक्र कुठं थांबायचं हे आतली चिप ठरवत असेल, तर बटण दाबणाऱ्या बोटात कसलं कौशल्य? पडद्यावर फक्त ‘पॉइंट’ दिसतात, त्यांचे पैसे गल्ल्यावर होतात. तो व्यवहार आणि ती जप्ती पाहिल्याचं कोर्टात सांगणारं माणूस लागतं. तिथंच घोडं पेंड खातं. ‘नसती भानगड कशाला?’ म्हणत आपण पंच व्हायला नकार देतो. मग ठाण्याच्या ओळखीतला नेहमीचाच पंच सही ठोकतो आणि उलटतपासणीत फितूर होतो.

मित्रहो, ही भानगड नसती नाही, आपलीच आहे. पार्लरच्या खुर्चीत रिक्षाचं दिवसभराचं भाडं संपतं, कॉलेजची फी संपते, घरातल्या बाईनं डब्यात लपवलेले पैसे संपतात. तो खेळणारा आपला शत्रू नव्हे. यंत्र आणून बसवणारा आणि त्याला जागा देणारा, या दोघांना जाब विचारा. ‘आमच्या पोटावर पाय देता’ असं ते म्हणतील. त्यांना सांगा, जुगाराला व्यापार म्हणून घटनेचं संरक्षण नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९५७ मध्येच ठरवलंय, तेही मुंबई राज्यातून गेलेल्या खटल्यात.

याच महाराष्ट्रातल्या बायकांनी दारूबंदीच्या मतदानात आडव्या बाटलीला मतं देऊन परवान्याची दारूची दुकानं बंद पाडली. बेकायदा यंत्र हटवायला तर मतदानही लागत नाही. लागते ती तक्रार, साक्ष आणि चिकाटी.

तक्रार लेखी द्या, पोच घ्या. पार्लरला परवाना कशाचा आहे आणि आत चालतं काय, हे परवाना देणाऱ्या कार्यालयाला विचारा. धाडीनंतर घरी बसू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता बंधनकारक आहे. कलम ४९७ प्रमाणे कोर्टापुढं आलेल्या मालाची यादी १४ दिवसांत व्हावी, फोटो निघावेत आणि त्यानंतर ३० दिवसांत, म्हणजे खटल्याचा निकाल लागण्याआधीही, विल्हेवाटीचा आदेश निघावा. हा आदेश नष्ट करण्याचा असू शकतो, सरकारजमा करण्याचा असू शकतो, तसाच परत देण्याचाही. म्हणून त्या दिवसांत सरकारी वकिलांना भेटा, यंत्र परत देण्याला विरोध करा म्हणून निवेदन द्या. वर्षभरात किती यंत्रं जप्त झाली, किती नष्ट झाली आणि किती परत गेली, हे माहितीच्या अधिकारात मागा.

आणि पंच म्हणून बोलावणं आलं, तर तोंड लपवू नका. लेखी आदेश मिळूनही सबळ कारणाशिवाय नकार देणं हा गुन्हा आहे. जे दिसलं तेवढंच लिहून घ्या, वाचल्याशिवाय सही करू नका, आणि समन्स आल्यावर कोर्टात तेच ठणकावून सांगा.

झडतीला कायदा वस्तीतली किमान दोन प्रतिष्ठित माणसं मागतो. जुगाराविरुद्धच्या मोर्चाला आपण शेकड्यांनी जमतो. त्यातल्या दोघांनी आज पुढं यावं. तुम्ही येणार ना?