इंग्रजीचा उंबरठा आणि आमच्या नर्स होऊं पाहणाऱ्या मुली

जिंतूर तालुक्यांतील एका खेड्यांत आम्ही मास्तरकी करितों. आमच्या हाताखालीं बाराखडी गिरविलेली एक कुणब्याची मुलगी बारावी पास होऊन नर्सचें शिक्षण घेण्यास शहरांत गेली. बापानें सोयाबीनच्या पैशांत उसनवार घालून फी भरली. तीन महिन्यांनीं मुलगी वळकटी घेऊन दारांत उभी! आम्हीं विचारलें, "कामून परत आलीस गं?" ती म्हणाली, "गुर्जी, हातानं समदं येतंय. पण पुस्तक उघडलं की डोळ्यापुढं अंधार. वर्गात मला मुकी म्हणत्यात."

बंधुभगिनींनो, ही मुलगी मुकी नाहीं. तिला न समजणाऱ्या भाषेंत बोलणाऱ्यांनीं तिला मुकी ठरविलें आहे.

असल्या मुलींच्या अंगीं हें काम करण्याची लायकीच नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्यानें जामखेडकडे पाहावें. तेथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानें 1970 सालीं काम सुरू केलें, आणि पुढें अक्षरशत्रू बायांना गांवचें आरोग्य सांभाळावयास शिकविलें. गडचिरोलींत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं 39 गांवांतील खेडवळ बायांना नवजात बाळाची काळजी घेण्यास, प्रसंगीं सुई टोंचण्यासही शिकविलें. नवजात बाळांचे मृत्यु निम्म्याहून अधिक घटले, आणि 1999 सालीं विलायतेच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकानें तो वृत्तांत छापला. या बाया शिकल्या त्या आपल्या भाषेंत. गांवोगांव फिरणाऱ्या आशाताईही मराठींतच शिकतात. मग लायकीचा प्रश्न उरला कोठें?

परंतु एवढ्यावरून "इंग्रजी नकोच" असें म्हणणें म्हणजे आपल्याच पायांवर धोंडा पाडून घेणें होय. आशाताईला मिळतो तो मोबदला. पगाराची जागा मिळते ती ए. एन. एम. किंवा जी. एन. एम. झालेलीस. पहिला अभ्यासक्रम दोन वर्षांचा, दुसरा तीन वर्षांचा. शिवाय येथें एका अक्षरावर जीव टांगलेला असतो. 'हायपरटेन्शन' म्हणजे रक्तदाब चढलेला, 'हायपोटेन्शन' म्हणजे उतरलेला. मिलिग्रॅमच्या जागीं मायक्रोग्रॅम वाचला तर औषधांत हजारपटीचा फरक पडतो. तेव्हां हे शब्द चोख आलेच पाहिजेत.

पण ते शिकवावे कसे? तिफण हाणावयास शिकणाऱ्या पोराला आपण आधीं सुतारकीचें शास्त्र सांगत नाहीं. चाडें हातीं देतों, मूठ कशी सोडावी तें दाखवितों. तसेंच हें. डॉक्टर चिठ्ठीवर 'बी. डी.' लिहितो म्हणजे दिवसांतून दोनदां, 'टी. डी. एस.' म्हणजे तीनदां. हीं अक्षरें तर इंग्रजीही नव्हेत, लॅटिन आहेत. साहेबालाही तीं घोकावीच लागलीं! शरीराचे भाग, रोगांचीं नांवें, मापें, चिठ्ठीवरील खुणा असे कांहीं शें शब्द मराठी अर्थासह आधीं पक्के करून घेतले, तर पुस्तक आपोआप उघडूं लागेल.

सरकारला हें सुचत नाहीं असें नाहीं. 2024 सालीं महाराष्ट्र सरकारनें जर्मनीच्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशीं करार केला आणि तिकडे जाणाऱ्या नर्सना व कारागिरांना जर्मन भाषा शिकविण्याचें ठरविलें. चांगलें झालें! परंतु परक्या मुलखांतील रोग्यासाठीं जर्मन शिकवितां येतें, तर परभणीच्या रोग्यासाठीं परभणीच्या मुलीला इंग्रजीचा हात कां देतां येऊं नये?

आमचें मागणें थोडकें आहे. प्रत्येक नर्सिंग शाळेनें पहिले तीन महिने दोन्ही भाषांत शिकवावें आणि टिपणें दोन्ही भाषांत द्यावीं. आम्हां शिक्षकांनीं बारावीच्या मुलींना सुटींत रोज एक तास द्यावा. आम्हीं तो या उन्हाळ्यापासून देऊं केला आहे, आणि परत आलेली ती मुलगीच त्या वर्गांत पहिली येऊन बसते. आईबापांनीं पैसे भरण्यापूर्वीं शाळेला मान्यता आहे कीं नाहीं, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलांत पुढें नोंद होईल कीं नाहीं, याची खात्री करावी. नाहीं तर शेत गहाण पडतें आणि हातीं कागद राहतो.

एक गोष्ट मात्र विसरूं नये. रोगी जेव्हां "ठणका लागलाय", "कळ येतीया", "चमक निघतीया" असें सांगतो, तेव्हां हीं तीन दुखणीं निराळीं आहेत हें आमच्या मुलीला कोणी शिकवावें लागत नाहीं. ही विद्या ती घरूनच घेऊन येते. 1897 च्या प्लेगांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां सावित्रीबाईंनीं देह ठेविला. त्यांच्या लेकींना रोग्याच्या खाटेपर्यंत पोहोंचूं देण्यास एका भाषेचा उंबरठा आड येत असेल, तर तो आपण सर्वांनीं मिळून ओलांडून द्यावा. मुलीला वळकटी घेऊन परत येऊं देऊं नका.