फुकटची गोळी, विकतची गोळी

पुणे जिल्ह्यातल्या निरगुडसरला माझं मेडिकल आहे. कांदा काढणी सुरू झाली की 'ताकदीची गोळी द्या' म्हणणारी गिऱ्हाइकं वाढतात. मजुरीतले पैसे मोजून जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची चमकदार पट्टी नेतात. त्यांच्याच घरात गरोदर सुनेला उपकेंद्रातून मिळालेल्या लाल गोळ्या फडताळात पडून असतात. 'फुकटच्या गोळीत काय असणार?'

असतं ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड. फॉलिक ॲसिडमागचा पुरावा भक्कम आहे. मज्जारज्जूचा दोष असलेलं मूल आधी झालेल्या बायकांना गर्भ राहण्याआधीपासून ते दिलं (मात्रा मोठी, ४ मिलिग्रॅम), तेव्हा पुन्हा तसं मूल होण्याचा धोका ७२ टक्क्यांनी घटला. हा ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलचा १९९१चा निष्कर्ष. लोहाचा गुण तर रोज दिसतो. फक्त ती गोळी चहासोबत घेऊ नका.

चमकदार पट्टीच्या मागे एवढं बळ नाही. अमेरिकेत जवळपास २६ हजार प्रौढांवर 'ड' जीवनसत्त्वाची पाच वर्षं चाचणी झाली. ना हृदयविकार कमी झाला, ना कर्करोग, ना हाडं मोडणं. फिनलंडमध्ये सिगारेट ओढणाऱ्यांना बीटा-कॅरोटीन दिलं, तर फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी वाढला. बिडी ओढणाऱ्याला ती गोळी मी देत नाही, मग तो शेजारच्या दुकानात गेला तरी चालेल.

बी-१२ची गोष्ट मात्र वेगळी, आणि आपल्याच जिल्ह्यातली. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून जवळच्या ६ गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. निम्म्याहून अधिक गरोदर बायकांत बी-१२ कमी निघालं. फॉलेट (फॉलिक ॲसिड हे त्याचंच रूप) भरपूर पण बी-१२ कमी, अशा आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची लक्षणं सर्वांत जास्त दिसली. एवढ्यानं कारण सिद्ध होत नाही, पण दुर्लक्ष करण्याजोगंही ते नाही. बी-१२ मिळतं मटण, अंडी, दुधातून. माळकऱ्याच्या घरात पहिली दोन वर्ज्य, आणि दूध डेअरीला. घरी उरतं चहापुरतं. त्यात मधुमेहाची मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ आणखी घटतं. अशांनी हातापायाला मुंग्या येत असतील तर पट्टी मागण्याआधी रक्त तपासून घ्यावं.

सरकारकडे मागणी एकच: लाल गोळीत लोह, फॉलिक ॲसिड आहेच, त्यात बी-१२ घाला. पुण्याचा अभ्यास पुण्याच्या बायकांच्या कामी यायला हवा.