कळांचा हिशेब कोण ठेवणार?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार महाराष्ट्रातील १०० पैकी जवळजवळ ९५ प्रसूती दवाखान्यांत होतात. हा आकडा मंत्र्यांच्या भाषणांत येतो, जिल्हा परिषदेच्या अहवालांत येतो आणि प्रत्येक वेळी टाळ्या घेऊन जातो. आकडा खोटा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु तो दाराशी मोजलेला आकडा आहे. बाई दवाखान्याचा उंबरठा ओलांडून आत गेली एवढेच तो सांगतो. आत गेल्यावर तिच्या उशाशी कोण होते, तिच्या कळांवर कोणाचे लक्ष होते, पोटातल्या जिवाचे ठोके कोणी आणि किती वेळा ऐकले, याविषयी तो मुका आहे. या मुकेपणाविरुद्धच मला लिहावयाचे आहे. आणि लिहिण्याचा अधिकार मी माझ्या बाळंतपणातून घेते आहे.

मी कुरखेडा तालुक्यातली. दिवस श्रावणाचे होते, रोवणी उरकत आली होती. नववा महिना भरला तशी पायांवर सूज आली आणि तपासणीत रक्तदाब चढलेला निघाला. उपकेंद्रातल्या नर्सबाईंनी वेळ न घालवता पुढे पाठविले. पुढे म्हणजे किती पुढे, हे या भागाबाहेरच्या वाचकाला सांगितले पाहिजे. मालेवाडा, पुराडा या बाजूच्या खेड्यांतून आधी तालुक्याला, तेथून जमले नाही तर गडचिरोलीला आणि तेथूनही नाही जमले तर नागपूरला, अशी ही उतरंड आहे. पावसाळ्यात वाटेतला एखादा नाला ठरवितो की, बाई आज पोहोचणार की उद्या. मी पोहोचले. ज्या रुग्णालयात पोहोचले त्याचे नाव मी मुद्दामच देत नाही, कारण दोष त्या इमारतीचा नाही आणि तेथल्या माणसांचा तर नाहीच.

डॉक्टरांनी सांगितले, "रक्तदाब वाढतो आहे, वाट पाहण्यात धोका आहे. कळा आणाव्या लागतील." दर दोन तासांनी एक लहानशी गोळी दिली गेली. रात्री उशिरा सलाईनमधून कळांचे औषध सुरू झाले. त्या कक्षात रात्रपाळीला एकच सिस्टर होत्या आणि बाळंत होणाऱ्या आम्ही सहाजणी. त्यांनी माझ्या आईला नळीतले थेंब दाखवून सांगितले, "मावशी, हे थेंब याहून जोरात पडायला लागले तर मला हाक मारा." माझी आई निरक्षर आहे. तिने त्या रात्री बोटांवर थेंब मोजले.

मध्यरात्रीनंतर शेजारच्या कक्षात एका बाईला रक्तस्राव सुरू झाला आणि सिस्टर तिकडे धावल्या. त्या तासाभरात माझ्या कळांना विसावाच राहिला नाही. एक ओसरण्याआधी दुसरी चढू लागली. थेंब वाढले होते की शरीराने औषध जास्त मनावर घेतले होते, हे मला आजही ठाऊक नाही. आईने ओरडून सिस्टरना आणले. त्यांनी आल्या आल्या नळी बंद केली, मला डाव्या कुशीवर वळविले, बाळाचे ठोके ऐकले आणि कितीतरी वेळ त्या तशाच पोटावर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहाटे मुलगी झाली. ती लगेच रडली नाही. ते काही क्षण मी लिहू शकत नाही. मग ती रडली. सिस्टरनी तिला पुसून माझ्या छातीवर ठेवले आणि त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. ती त्यांची सलग दुसरी रात्रपाळी होती.

माझी मुलगी वाचली ती व्यवस्थेमुळे नव्हे. एका निरक्षर आजीची बोटे आणि एका थकलेल्या नोकरदार बाईचे पाय वेळेवर धावले म्हणून वाचली. ज्या राज्यात मुलांचे जगणे अशा योगायोगावर सोडले जाते, त्या राज्याने ९५ टक्क्यांची शेखी मिरवू नये.

येथे काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, मुळात औषधाने कळा आणावयाच्याच कशाला? आदिवासी बाई तर रानात मोहफुले वेचता वेचता बाळंत होत असे! हा युक्तिवाद मी शहरांतल्या अनेक सभांतून ऐकला आहे आणि दर वेळी मला त्याचा संताप आला आहे. रानात बाळंत होणाऱ्या ज्या बाया परत आल्या नाहीत, त्यांची गणती या मंडळींनी कधी केली आहे काय? वाढत्या रक्तदाबाचे पर्यवसान झटक्यांत होते आणि झटके आलेली बाई व तिचे बाळ दोघेही दगावू शकतात. अशा वेळी प्रसूती लवकर घडवून आणणे हा उपचार आहे, चैन नव्हे. निसर्गाचे गोडवे गावयाचे आणि स्वतःच्या लेकीसाठी मात्र शहरातले सुसज्ज प्रसूतिगृह आधीच राखून ठेवावयाचे, ही दुटप्पी निसर्गभक्ती आम्हाला नको.

कळा आणण्याचे हे शास्त्र आमच्यापासून फार दूरही नाही. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि डागा स्मृती स्त्री रुग्णालयात रक्तदाब वाढलेल्या ६०२ गर्भवतींवर एक अभ्यास झाला; तो २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दर दोन तासांनी मिसोप्रोस्टॉलची २५ मायक्रोग्रॅमची गोळी तोंडाने देणे आणि गर्भाशयाच्या मुखात फोलीची फुग्याची नळी बसविणे, या दोन पद्धतींची त्यात तुलना होती. गोळी घेतलेल्यांपैकी ५७ टक्के बाया २४ तासांच्या आत नैसर्गिक मार्गाने प्रसूत झाल्या. नळी बसविलेल्यांत हे प्रमाण ४७ टक्के होते. जगातल्या गरीब बायांना उपयोगी पडेल असे हे ज्ञान विदर्भातल्या सरकारी रुग्णालयांत, विदर्भातल्याच बायांच्या साहाय्याने उभे राहिले. म्हणजे ज्ञान आहे, औषध आहे आणि औषध स्वस्तही आहे. मग उणीव कशाची?

उणीव आहे ती माणसांची. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली कळा आणण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत दोन गोष्टी निःसंदिग्धपणे सांगितल्या आहेत. ज्या बाईला ही औषधे दिली जात आहेत तिला एकटे सोडता कामा नये. आणि शक्य तेथवर हा उपचार जेथे सिझेरियनची सोय आहे अशाच ठिकाणी करावा. यामागील कारण साधे आहे. ऑक्सिटोसिन गर्भाशयाला आकुंचन पावावयास लावते. दोन आकुंचनांच्या मधल्या विसाव्यातच वारेतून बाळाला प्राणवायू मिळतो. विसावा संपला की बाळ गुदमरते. आकुंचन अनावर झाले तर गर्भाशय फाटू शकते. तेव्हा या उपचारातले खरे औषध बाटलीत नसते. पोटावर ठेवलेला हात, ठोके ऐकणारा कान आणि वेळेवर नळी बंद करणारी बोटे हेच ते औषध. हे औषध कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही. ते पगार देऊनच मिळते, आणि तेथेच सरकारचा हात आखडतो.

याच्या उलट टोकाला देशाच्या अनेक खेड्यांत काय घडत आले आहे तेही झाकून ठेवू नये. घरीच प्रसूती चाललेली असताना एखाद्या बिनपदवीच्या डॉक्टरला बोलवावयाचे, त्याने कळा वाढविण्याचे इंजेक्शन दंडात टोचावयाचे आणि पैसे घेऊन निघून जावयाचे, हा प्रकार उत्तर प्रदेशातल्या अभ्यासकांनी सविस्तर नोंदविला आहे. नळीतले औषध बंद तरी करता येते. दंडात गेलेले परत काढता येत नाही. या प्रकाराबद्दल त्या बाईच्या घरच्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु सरकारी दवाखाना दूर, रस्ता बंद आणि रात्र वैऱ्याची असताना जो दाराशी येतो तोच डॉक्टर ठरतो. भोंदू ही रिकाम्या जागेची निर्मिती आहे आणि ती जागा सरकारने रिकामी ठेवली आहे.

औषधाच्या गैरवापरावर सरकारला उपाय करावासा वाटला, तो कसा तेही पाहा. २७ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने देशात विकण्यासाठी ऑक्सिटोसिन तयार करण्यास खाजगी कंपन्यांना मनाई केली आणि सारी भिस्त एका सरकारी कारखान्यावर ठेवली. कारण काय? तर गवळी दुभत्या जनावरांना हे इंजेक्शन टोचतात! सार्वजनिक उद्योगाने औषधे बनवावीत ही तर आपली जुनी मागणी आहे. परंतु प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबविण्यासाठी जे औषध प्रत्येक बाळंतिणीला लागते, त्याचा पुरवठा अखंड राहील काय, याचा हिशेब न मांडता काढलेल्या फर्मानाला समाजवाद म्हणत नाहीत. १४ डिसेंबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने ही बंदी रद्द ठरविली. म्हशीच्या सडांचा विचार करून धोरण आखले गेले आणि बाळंतिणीची आठवण न्यायालयाला करून द्यावी लागली, यापेक्षा राज्यकर्त्यांच्या मनातला अग्रक्रम स्पष्ट करणारे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

आणखी एक हिशेब. अन्नसुरक्षा कायद्याने २०१३ साली गर्भवती व स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ साली प्रत्यक्षात जी मातृवंदना योजना आली, तिने ५,००० रुपये देऊ केले आणि तेही पहिल्याच अपत्यासाठी. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तरच ६,००० रुपये. त्याच २०१७ साली संघटित क्षेत्रातल्या बाईची भरपगारी प्रसूतिरजा २६ आठवड्यांची झाली. ती झाली याचा आनंदच आहे. परंतु मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले, मे महिन्यात तेंदूपाने आणि पावसात रोवणी करणारी कुरखेड्याची बाई कोणाकडे रजेचा अर्ज करणार? पोटात आठ महिन्यांचे मूल घेऊन ती पानांचे मुडके बांधते, कारण तो हंगाम गेला तर वर्षाचा रोख पैसा गेला. अशा बाईचा रक्तदाब का वाढला आणि अंगात रक्त का नाही, याचे उत्तर प्रसूतिकक्षात शोधून सापडणार नाही.

जिल्ह्याजवळ यावर सांगण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. येथेच 'सर्च' संस्थेने ३९ गावांत थोडे शिकलेल्या खेड्यातल्या बायांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे शिक्षण दिले आणि नवजात मृत्यूचे प्रमाण हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरविले. १९९९ साली तो वृत्तान्त जगापुढे आला. कुरखेड्यातच १९८४ पासून 'आम्ही आमच्या आरोग्यासाठी' ही संस्था गावातल्या बायांना हाताशी धरून काम करीत आली आहे. गडचिरोलीची ही शिकवण २०११ साली सरकारने देशभर उचलली आणि बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा-सात भेटी देणाऱ्या आशाताईला त्या सर्व भेटींचे मिळून २५० रुपये ठरवून दिले! ज्ञान घ्यावयाचे गरिबांकडून आणि ते राबवावयाचेही गरीब बायांच्याच फुकट श्रमावर, ही या व्यवस्थेची रीत आहे.

आता दोन शब्द आपल्याच माणसांना. जंगलाच्या हक्कासाठी आपण मोर्चे काढले, तेंदूच्या दरासाठी रस्त्यावर बसलो, रोजगार हमीच्या थकलेल्या मजुरीसाठी तहसीलदाराला घेराव घातला. परंतु रात्रपाळीला प्रसूतिकक्षात किती परिचारिका आहेत, हा प्रश्न आपल्या एखाद्या निवेदनात कधी आला आहे काय? बाळंतपण ही बायकांची खाजगी बाब, तिचे राजकारण ते काय, असे आपल्यातल्या कित्येकांना मनातून वाटत आले आहे. साथींनो, जेथे एका पगाराची बचत एका बाळाच्या श्वासाशी तोलली जाते तेथे राजकारण नाही, तर मग ते आहे कोठे?

म्हणून मागण्या नेमक्या असाव्यात. जेथे कळा आणण्याचे औषध दिले जाते, तेथे प्रत्येक पाळीला पुरेशा कायम परिचारिका असल्याच पाहिजेत आणि सिझेरियनसाठी भूलतज्ज्ञासह डॉक्टर चोवीस तास हजर पाहिजेत. ऑक्सिटोसिन थंड ठेवावे लागते. तेव्हा वीज गेली तरी चालणारी शीतपेटी प्रत्येक आरोग्य केंद्रात हवी. दिवस भरत आलेल्या बाईला आधीच येऊन राहता यावे म्हणून काढलेली माहेरघरे केवळ पाटीपुरती न राहता तेथे जेवण, सोबतिणीची सोय आणि बुडालेली मजुरी मिळाली पाहिजे. आशाताईला मानधन नव्हे, वेतन मिळाले पाहिजे. आणि प्रसूतीच्या वेळी बाईच्या पसंतीची एक सोबतीण तिच्याजवळ असणे हा तिचा हक्क ठरला पाहिजे. मात्र त्या सोबतिणीवर थेंब मोजण्याची पाळी येता कामा नये.

मुलीला घेऊन घरी आलो तेव्हा आईने दारातच तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि शेजारच्या आजीने थाळी वाजविली. पाचवीला सारा मोहल्ला जमला. नव्या जिवाचे स्वागत कसे करावे हे आमच्या गावाला उत्तम ठाऊक आहे. ते कोणी शिकवावयास नको. शिकावयाचे आहे ते सरकारला. आणि सरकार आपण होऊन शिकत नसते, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार?