वाफेच्या खोलीचा उंबरठा



या वेळच्या संपादकीयाचा विषय वाचून काही सभासद हसतील. रस्ते, पाणी, गटारे हे सगळे सोडून मंडळाला एकदम स्टीम बाथ कुठून आठवले, असे विचारतील. म्हणून आधी घडलेली हकिगत सांगतो.

आपले एक ज्येष्ठ सभासद, निवृत्त शिक्षक, पक्षाघाताने उजव्या बाजूने अधू झाले. वैद्यांनी तेलाचे मालिश आणि त्यावर सात दिवस वाफ घ्यायला सांगितले. डभोईहून तीसेक किलोमीटर रिक्षाने बडोद्याला नेऊन मुलाने त्यांना एका खासगी केंद्रात दाखल केले. बाहेर दोन पायऱ्या, दार अरुंद आणि आत उघडणारे. आत मान बाहेर ठेवून बसायची पेटी, आणि तिच्यात चढायला एक डुगडुगते स्टूल. मुलाने आणि तिथल्या पोऱ्याने काखेत हात घालून त्यांना उचलले. दोन दिवस असे चालले. तिसऱ्या दिवशी सर म्हणाले, "मला पोत्यासारखे उचलू नका. नको ती वाफ." उरलेले पाच दिवस राहिले ते राहिलेच. पैसे मात्र आधीच भरलेले होते.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की ज्यांना वाफेची खरी गरज, त्यांनाच आत जाता येत नाही. धडधाकट माणूस जिम झाल्यावर हौसेने सॉनात बसतो, त्याचे कोण अडवतो? पण आखडलेला सांधा, लुळा पडलेला हात, अर्धांगवायू यांवर स्वेदन सांगणारे आमचे चरकाचार्य. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात स्वेदनाचा स्वतंत्र अध्याय आहे आणि त्यात अग्निस्वेदाचे १३ प्रकार दिले आहेत. त्यांतला जेंताक स्वेद म्हणजे सरळ सरळ आजचा सॉनाच. गोल खोली, मध्ये भट्टी आणि भिंतीलगत थेट दारापर्यंत नेलेला हातभर उंच, हातभर रुंद ओटा. रोग्याला आधीच बजावायचे, की घेरी आली तरी ओटा सोडू नकोस, त्याच्याच कडेने दार गाठ. म्हणजे ज्याला दिसत नाही, तोल जातो, भोवळ येते, अशा माणसाचा विचार त्या खोलीच्या बांधणीतच होता. हातभर म्हणजे साधारण दीड फूट. अमेरिकेच्या अपंगविषयक बांधकाम नियमांत (२०१० चे मानक) सॉना आणि स्टीम रूमसाठी वेगळे कलम आहे, आणि त्यात बाकाची उंची १७ ते १९ इंच सांगितली आहे. खुर्चीवरून बाकावर सरकायच्या जागेत दार उघडता कामा नये आणि आत चाकाची खुर्ची वळेल एवढी, म्हणजे ५ फुटांची जागा हवी, असेही त्यात आहे.

आणि हे बडोद्याच्या मराठी माणसाने विसरावे? दांडिया बाजारातल्या जुम्मादादा व्यायाम मंदिराचे प्रा. माणिकराव हे मल्लविद्येइतकेच हाडवैद्य म्हणून ओळखले जात. दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांचा व्यायाम ज्ञानकोश याच शहरातून निघाला. तालमीत मोडलेल्या माणसालाही जागा होती. आजच्या काचेच्या दाराच्या हेल्थ क्लबांत ती दिसत नाही.

इकडे आपला भाग झपाट्याने बदलतो आहे. २०२१ च्या जानेवारीपासून डभोईवरून एकतानगरला ब्रॉडगेज गाडी जाते. तिथल्या आरोग्यवनात २०२० पासून पंचकर्माची सोय आहे. चांदोद, कर्नाळी, गरुडेश्वर येथे येणाऱ्या भाविकांत वृद्ध किती असतात ते आपण पाहतोच. या रस्त्यावर उद्या हॉटेले आणि उपचार केंद्रे वाढणार. बांधताना दार रुंद करणे सोपे, बांधल्यावर फोडणे महाग.

कायदा काय म्हणतो? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'सार्वजनिक इमारत' या शब्दात लोकांच्या वापरातली खासगी इमारतही येते, मग ती करमणुकीची असो वा आरोग्यसेवेची. नियम १५ जून २०१७ रोजी निघाले. सेवा देणाऱ्यांना २ वर्षांची आणि जुन्या इमारतींना ५ वर्षांची मुदत होती. दोन्ही केव्हाच उलटल्या. प्रवेशसुलभतेचे निकष पाळले नसतील तर बांधकाम पूर्णतेचा दाखला, ज्याला आपल्याकडे सगळे बी.यू. म्हणतात, तो देऊच नये, असे कलम ४४ सांगते. राजीव रतुरी यांच्या खटल्यात ८ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या शिफारशींवर भागवणारा नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला आणि बंधनकारक नियम करायला सरकारला ३ महिने दिले. हा अर्ज २००५ सालचा. अपंग म्हणा की दिव्यांग, एकोणीस वर्षे दारात उभे राहावे लागले.

एक सावधगिरीही सांगितली पाहिजे. उतार केला, दार ९०० मि.मी. केले म्हणजे काम संपले असे नाही. मणक्याला मार लागलेल्यांना पायाला चटका बसल्याचे कळत नाही, काहींना त्या भागात घामही येत नाही, त्यामुळे अंगातली उष्णता झपाट्याने वाढते. अशांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाफ घेऊ नये. धातूची खुर्ची वा कॅलिपर आत तापतात, म्हणून केंद्राने आतल्यासाठी वेगळी खुर्ची ठेवावी. वाफेच्या नळीला कठडा हवा, हात पोचेल तिथे घंटा हवी आणि ऐकू न येणाऱ्यासाठी दिवा. आणि बाहेर लक्ष ठेवणारा माणूस, मोबाईलमध्ये डोके न घातलेला.

डभोई विधानसभा मतदारसंघात मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, पक्ष कोणताही असो, आम्ही एकच प्रश्न विचारणार आहोत : डभोईत बी.यू. देताना उतार आणि दार मोजले जाते का? नगरपालिकेच्या चीफ ऑफिसरांनाही लेखी निवेदन देत आहोत. मात्र दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी कबूल करतो, की आपल्या मंडळाच्या सभागृहालाही दोन पायऱ्या आहेत, सहा-सहा इंचांच्या. एकास बाराच्या हिशेबाने १२ फुटांचा उतार लागेल. चपला काढतो त्या बाजूला तेवढी जागा आहे, आम्ही मोजली. चपलांचे कपाट हलवावे लागेल, त्याला दोन ज्येष्ठांचा विरोध आहे! कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत हा ठराव येईल.

ज्यांच्या घरी चाकाची खुर्ची आहे त्यांनी तिची रुंदी मोजून मंडळाच्या कार्यालयात चिठ्ठीने कळवावी. निवेदनाला जोडायची आहे.