डिझेल पिकअप घ्यायचीय? आधी या अफवा डोक्यातून काढा



पिकअप घेऊन धंदा सुरू करायचा म्हटलं की सल्ले फुकट मिळतात. टपरीवर, गॅरेजमध्ये, पाहुण्यांकडे, प्रत्येकाजवळ डिझेल गाडीबद्दल एक तरी 'खात्रीची' गोष्ट असते. अडचण एवढीच, की सल्ला देणारा हप्ता भरत नाही. हप्ता तुम्ही भरणार. म्हणून प्रत्येक ऐकीव गोष्टीला एक प्रश्न विचारायची सवय लावा : यात माझ्या खिशातून किती जाणार?

ट्रेनिंगमध्ये मला सगळ्यात जास्त ऐकायला मिळणाऱ्या सहा अफवा घेतो.

1. "डिझेलच घे, डिझेल नेहमी स्वस्तच पडतं"

डिझेल ॲव्हरेज जास्त देतं, हे खरं. पण 'नेहमी' हा शब्द चुकीचा. हिशोब करू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमच्या गावातले भाव टाका.

समजा डिझेल मॉडेल पेट्रोलपेक्षा 1 लाखाने महाग आहे. डिझेल 90 रुपये लिटर, ॲव्हरेज 18, म्हणजे किलोमीटरला 5 रुपये. पेट्रोल 105 रुपये, ॲव्हरेज 15, म्हणजे 7 रुपये. किलोमीटरमागे 2 रुपये वाचले. म्हणजे ते 1 लाख वसूल व्हायला 50,000 किलोमीटर गाडी पळायला हवी.

वर्षात 300 दिवस काम धरा. रोज 120 किलोमीटर असेल तर साधारण दीड वर्षात पैसे सुटले. रोज 40 किलोमीटरच असेल तर चार वर्षं लागतील, वर त्या 1 लाखाचं व्याज वेगळं. रस्त्यात सीएनजी पंप असेल तर तोही पर्याय याच पद्धतीने तपासा. फक्त पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ हिशोबात धरा.

2. "बीएस 6 डिझेल घेऊ नको, सारखी लाईट लागते"

हे अर्धं खरं, म्हणून जास्त धोकादायक. 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस 6 लागू झालं. या गाड्यांच्या सायलेन्सरच्या लाईनमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो. ती काजळी जळायला चांगली उष्णता लागते, आणि ती गाडी सलग पळाली की मिळते. दिवसभर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या आणि सारखं बंद-चालू असेल तर फिल्टर भरतो, लाईट लागते.

म्हणजे दोष डिझेलचा नाही, काम आणि गाडी जुळत नाही. गल्लीबोळात पाण्याचे जार पोचवायचे असतील तर डिझेलचा हट्ट सोडा. गावाहून वाशी किंवा गुलटेकडीला भाजी न्यायची असेल तर हीच गाडी निवांत चालेल. लाईट लागली तर मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे गाडी सलग चालवा. "फिल्टरच काढून टाक" म्हणणाऱ्याला लांबून नमस्कार करा. ते कायद्यात बसत नाही आणि वॉरंटीही अडचणीत येते.

3. "डीईएफ कशाला विकत घेतो? युरिया पाण्यात कालव"

काही बीएस 6 गाड्यांत डीईएफची वेगळी टाकी असते. त्यात 32.5 टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं, एवढंच ऐकून कुणीतरी हा शोध लावला. शेतीचा युरिया कडुनिंबाचं तेल लावलेला असतो. ते तेल, त्यातली घाण आणि बोअरच्या पाण्यातले क्षार त्या सिस्टीममध्ये जाऊन बसतात. दुरुस्तीचं बिल डीईएफच्या कितीतरी बादल्यांएवढं होतं. शिवाय अनुदानाचं खत शेतीशिवाय दुसरीकडे वापरणं हा गुन्हा आहे.

4. "घाट उतरताना न्यूट्रल कर, डिझेल वाचतं"

उलट आहे. आताच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर डिझेल जवळपास बंद होतं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला डिझेल लागतंच. वर इंजिनचा ब्रेक जातो आणि भरलेल्या गाडीचा सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पकड सुटते. पाच-दहा रुपयांच्या खोट्या बचतीसाठी ड्रायव्हरचा जीव पणाला लावू नका. ड्रायव्हर पगारी असेल तर त्याला हे समोर बसवून सांगा.

5. "10 वर्षांनी डिझेल गाडी भंगारात जाते"

तो नियम दिल्ली आणि आसपासच्या एनसीआर भागासाठीच्या आदेशांतून आला. आपल्याकडे मालवाहू गाडीचं पासिंग बघायचं. 8 वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी फिटनेस करावं लागतं. हा खर्च धरा, पण घाबरू नका. या अफवेचा फायदा बऱ्याचदा दलाल घेतात. तुमची 9 वर्षांची चांगली गाडी "आता काय, एकच वर्ष उरलं" म्हणत पडत्या भावात मागतात.

6. "पिकअप आहे, कितीही भर, ओढते"

ओढते, मान्य. ही अफवा सगळ्यात महाग का पडते ते बघा. आरसीवर रिकाम्या गाडीचं आणि भरलेल्या गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. दोन्हीतला फरक म्हणजे तुमची क्षमता, आणि त्यातच ड्रायव्हर, हमालही आले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 मध्ये ओव्हरलोडला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. एक टन जास्त म्हणजे 22,000. बऱ्याच जणांचा महिन्याचा हप्ता एवढा नसतो. पाटे, टायर, क्लच, ब्रेक यांची झीज वेगळी. अपघात झाला तर विम्याच्या क्लेमला कटकट वेगळी.

आणि माझं स्पष्ट मत सांगतो. ओव्हरलोड करणारा स्वतःचाच दर पाडतो. दोन फेऱ्यांचा माल एका फेरीत नेला की गिऱ्हाईकाला तीच सवय लागते. पुढच्या वेळी नियमात भरून नेणारा महाग वाटतो, आणि तो पुढच्या वेळचा नियमवाला तुम्हीच असता.

मग बघायचं काय?

समजा हप्ता 16,000, ड्रायव्हर 15,000, विमा-पासिंग-टायरसाठी महिन्याला बाजूला 4,000. झाले 35,000. महिन्यात 25 दिवस काम मिळालं तर दिवसाला 1,400 रुपये, तेही चावी फिरवायच्या आधी. डिझेल यानंतर. परतीचं भाडं नसेल तर येताना रिकाम्या गाडीचं डिझेलही जातानाच्या भाड्यातूनच काढायचं.

माझ्या मते लोक इंजिनवर महिनाभर चर्चा करतात आणि परतीच्या भाड्यावर पाच मिनिटंही नाही. धंदा बुडतो तो इथे. गाडी डिझेलची होती म्हणून कुणी बुडत नाही, ती उभी राहिली किंवा रिकामी पळाली म्हणून बुडतो.

म्हणून शोरूमला जायच्या आधी एक काम करा. महिनाभर भाड्याची गाडी लावून तुमचं काम करा आणि रोज वहीत चार गोष्टी लिहा : किलोमीटर किती झाले, माल किती किलो, थांबे किती, परतीला भाडं मिळालं का. महिन्याच्या शेवटी डिझेल, पेट्रोल की सीएनजी, हे त्या वहीतच दिसेल. आणि गाडी घ्यायचीच नाही असं दिसलं, तर तेही कमी नाही. काही लाखांचं कर्ज वाचलं.

वही आजच आणा. भेटू पुढच्या व्हिडिओत.