वापरबदल कोणासाठी?

वस्तीच्या दुकान-संकुलात किराणा व गिरणीबरोबर बँका, शोरूम यांनाही मुभा द्या, म्हणजे भरभराट होईल, असे सांगणारे एक सत्य दडवतात: वापर वाढला की भाडे वाढते, आणि आधी उठतो तो किराणावाला.

जळगाव-धुळे २००३ मध्ये महानगरपालिका झाल्या. पण वस्तीचा आवाज महापालिकेत पोहोचला काय? नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ अन्वये आराखड्यातील फेरबदलापूर्वी जाहीर सूचना व हरकतींसाठी महिन्याची मुदत आवश्यक आहे. परंतु राजपत्र बिल्डर वाचतो, हातगाडीवाला नव्हे. २०१४ च्या कायद्याने पथविक्रेत्यांना नगर समितीत किमान ४० टक्के जागा दिल्या. मग संकुलाच्या भाडेकरूंना व रहिवाशांना अधिकार का नको?

कार्यकर्त्यांनी प्रत्येक सूचना चौकात वाचून दाखवावी आणि मुदतीत हरकतींचे गठ्ठे दाखल करावेत!